माणिकबाग : वाडा आणि कचेरी

वाडा म्हटला की आपल्या घराण्यांतील मंडळींच्या डोळ्यांसमोर सागवानी खांब, चौक आणि दिंडीदरवाजा उभा राहतो. इंदूरचे तरुण महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांनी १९३० साली ज्या माणिकबागेचे काम हाती घेतले, तिची घडण निराळीच होती. वास्तुकार बर्लिनचा एकार्ट मुथेसियस. महाराजांचा जन्म १९०८ चा, त्याचा १९०४ चा. ऑक्सफर्डमध्ये ओळख झालेली. १९३३ पर्यंत काम चालले. मुथेसियसने केवळ भिंती उभारल्या नाहीत. दिवे व खुर्च्याही योजल्या. पॅरिसहून रूलमानचे मेज आले, काच व धातूचे पलंग आले. शिल्पकार ब्रांकुसीचे तीन ‘पक्षी’ महाराजांनी घेतले. त्यांच्यासाठी मंदिर बांधण्याचा विचार होता, ब्रांकुसी इंदूरला येऊनही गेला. मंदिर मात्र झाले नाही.

१९३७ साली महाराणी संयोगितादेवी निवर्तल्या, १९४८ साली संस्थान विलीन झाले, १९६१ साली महाराजही गेले. २५ मे १९८० रोजी मोनॅकोत त्या सामानाचा लिलाव झाला. इमारत केंद्रीय अबकारी खात्याकडे गेली आणि आजही तेथे करखात्याची कचेरी आहे. भिंती उभ्या आहेत. परंतु ज्या घरात खुर्ची आणि खोली एकाच हाताने रेखलेली होती, तेथे खुर्ची हलली की घरच बदलते, असे माझे मत आहे.

कचेरीला दोष देण्याचा अधिकार मला नाही. आदिलाबाद जिल्ह्यात नोकरीवर असताना एका जुन्या बंगल्यात आमचे कार्यालय होते. दप्तर ठेवावयास जागा पुरेना, म्हणून दक्षिणेकडचा व्हरांडा विटांनी बुजविण्याचा प्रस्ताव आला. खर्च थोडा होता; मी सही केली. पुढच्या उन्हाळ्यापासून आतल्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागे. शिपाई कुरकुरत असे, त्यावर मी रागावतही असे.

माणिकबागेची त्या काळची छायाचित्रे आहेत. २०१९ साली पॅरिसमध्ये तिच्या पांगलेल्या सामानाचे प्रदर्शन भरले, तेव्हा कोणती वस्तू कोठे होती हे त्यांवरून पाहता आले. आमच्या बंगल्याचे छायाचित्र कोणी काढलेच नाही. व्हरांड्याला कमानी पाच होत्या की सहा, यावर परवा एका जुन्या सहकाऱ्याशी माझा वाद झाला. आम्ही दोघेही तेथे चार वर्षे बसलो होतो.