कूलोंबचा नियम आणि हॅरिसची शंका

विजेचा भार दिलेले दोन धातूचे गोळे समोरासमोर ठेवले, तर ते एकमेकांना किती जोराने ढकलतील? शाळेचं पुस्तक चटकन उत्तर देईल: दोन्ही भारांचा गुणाकार करा, मधल्या अंतराच्या वर्गाने भागा, झालं! पण श्रोतेहो, या उत्तरात गोळ्याचा आकार कुठेच येत नाही. सगळा भार जणू त्याच्या मध्यबिंदूवर एकवटला आहे, असं आपण बिनदिक्कत धरून चालतो. असं धरणं कितपत खरं, हे नीट न पाहिल्यामुळे एकोणिसाव्या शतकात खुद्द नियमच खोटा ठरायची वेळ आली होती.

हा नियम १७८५ साली शार्ल कूलोंब या फ्रेंच लष्करी इंजिनियरने मांडला. चांदीच्या बारीक तारेला आडवी काडी टांगायची, तिच्या टोकाला एक हलकी गोळी, आणि शेजारी तशीच दुसरी गोळी पक्की बसवलेली. दोहींना सारखा भार दिला की टांगलेली गोळी दूर सरते आणि तारेला पीळ बसतो. पीळ हेच बलाचं माप. गोळ्या ३६ अंश दूर असताना पीळ ३६ अंश भरला. १८ अंशांवर आणल्या तेव्हा १४४. साडेआठ अंशांवर पाचशे साडेपंचाहत्तर. अंतर निम्मं केलं की बल चौपट. (तिसरं अंतर नऊ अंश असतं तर ५७६ हवे होते, म्हणजे मोजमाप अगदी काटेकोर नव्हतं.) अशा मोजक्या आकड्यांवर केवढा नियम उभा राहिला पाहा!

पुढे प्लिमथच्या विल्यम स्नो हॅरिसने १८३० नंतरच्या दशकात तबकड्या आणि गोळे घेऊन पुन्हा मोजमापं केली. गडी कसलेला होता. जहाजांना वीजरोधक बसवण्याबद्दल त्याचं नाव झालेलं. त्याला कधी नियम पटला, कधी साफ बिघडलेला दिसला. पदार्थ जवळ आले की अपसारण घटतं आणि क्वचित त्याचं आकर्षणच होतं, असं त्याने नोंदलं. रॉयल सोसायटीने १८३५ साली त्याला कॉप्ली पदक दिलं. तेव्हा ही शंका कुणा ऐऱ्यागैऱ्याची नव्हती.

तिचं निरसन १८४५ साली एकवीस वर्षांच्या विल्यम टॉमसनने केलं. हाच पुढचा लॉर्ड केल्विन. त्याचं म्हणणं असं: हॅरिसची मापं खोटी नाहीत आणि नियमही खोटा नाही; चूक आहे ती गोळ्याला बिंदू समजण्यात. भार पृष्ठावर सगळीकडे सारखा पसरलेला असेल, तरच गोळा बाहेरच्यांशी बिंदूसारखा वागतो. पण धातूवर भार मोकळा हिंडतो. सजातीय भाराचा दुसरा गोळा जवळ आला, की न पटणाऱ्या भावांनी घराची दोन टोकं धरावीत तसा तो पलीकडे सरकतो, आणि बल कमी भरतं. हे मोजायला टॉमसनने प्रतिमांची युक्ती काढली. केशकर्तनालयात समोरासमोरच्या आरशांत प्रतिमेची प्रतिमा दिसत जाते ना, तसे गोळ्यांच्या आत एकामागून एक काल्पनिक बिंदुभार मांडत जायचे.

सारखे गोळे आणि सारखा भार असेल, तर मध्यांपासून मध्यांपर्यंतचं अंतर त्रिज्येच्या दहापट असताना बिंदूचा हिशेब हजारात चारांनी चुकतो. पाचपट असताना शेकडा तीनांनी. म्हणजे गोळे बऱ्यापैकी लांब असले तर पुस्तक खुशाल वापरावं. मात्र गोळे एकमेकांना टेकले, की खरं बल पुस्तकी उत्तराच्या शेकडा एकसष्टच उरतं.

बल न मोजताही नियम तपासता येतो. हेन्री कॅव्हेंडिशने १७७२-७३ च्या सुमारास एका गोलाभोवती दुसरा पोकळ गोल बसवून बाहेरच्याला भार दिला. दोन्ही तारेने जोडलेले असूनही आतल्यावर भार सापडला नाही. यावरून अंतराचा घात दोनापासून फार तर एक पन्नासांशाने ढळेल, असं त्याने ठरवलं आणि कागद तसेच ठेवून दिले. ते हस्तलिखित पुढे अभ्यासासाठी हॅरिसच्याच हाती आलं. २ जुलै १८४९ रोजी प्लिमथला टॉमसनला ते कागद दाखवले, ते हॅरिसने. छापून निघायला मात्र १८७९ साल उजाडलं. ते काम मॅक्सवेलने केलं.