लेपर्ड गेको : पाळीव अवस्थेतील विणीचा हंगाम

लेपर्ड गेको (शास्त्रीय नाव यूब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस) ही अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ भागात आढळणारी निशाचर पाल. अंगावर बिबट्यासारखे काळे ठिपके असतात. तिला मिटणाऱ्या पापण्या असतात आणि बोटांना चिकटगाद्या नसल्यामुळे ती भिंतीवर चढत नाही. एडवर्ड ब्लाइथ यांनी 1854 मध्ये तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. युरोप-अमेरिकेत ती घरोघरी पाळली जाते आणि तिथल्या बहुतेक पाली पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेल्या असतात. महाराष्ट्रात आढळणारी यूब्लेफॅरिस फस्कस ही तिची जवळची नातलग; विषारी समजून ती नाहक मारली जाते. खरे तर या कुळातली एकही पाल विषारी नाही.

उत्तर गोलार्धात पाळलेल्या माद्या साधारण जानेवारी ते सप्टेंबर या काळात अंडी घालतात. त्याआधी हिवाळ्यात काही आठवडे तापमान आणि उजेडाचे तास कमी केले, की हंगाम नीट लागतो. मीलनानंतर तीन-चार आठवड्यांत मादीच्या पोटाच्या पातळ कातडीतून दोन लांबट, फिकट गोळे दिसू लागतात. अंडी घालायची वेळ आली, की ती खाणे कमी करते आणि रात्रभर कोपरे उकरत राहते. तिच्यासाठी ओलसर शेवाळ किंवा व्हर्मिक्युलाइट भरलेली, झाकणाला भोक पाडलेली डबी आधीच ठेवावी लागते. अशी जागा मिळाली नाही, तर ती अंडी कोरड्यात टाकते आणि ती काही तासांत सुरकुततात.

एका खेपेला बहुधा दोन अंडी असतात, पहिल्या खेपेला कधी एकच. दोन खेपांत दोन ते चार आठवड्यांचे अंतर पडते. मादी नराचे शुक्राणू शरीरात साठवून ठेवू शकते, म्हणून एका मीलनावर पुढच्या कित्येक खेपा फळतात. आपल्या घरातल्या पालीच्या अंड्याचे कवच टणक असते, हिच्या अंड्याचे चामड्यासारखे मऊ. ते भोवतालचा ओलावा शोषून फुगत जाते. फळलेले अंडे पांढरे व घट्ट राहते. न फळलेले पिवळट पडते, चेपते आणि त्यावर बुरशी धरते. अंडे उचलताना त्याची वरची बाजू पेन्सिलीने खुणावून ठेवतात, कारण पहिल्या काही दिवसांनंतर ते उलटले तर आतला गर्भ दगावू शकतो.

या पालीत नर-मादी हे उबवणीच्या तापमानावर ठरते. 26 अंश सेल्सिअसला जवळजवळ सगळ्या माद्या निपजतात, 30 अंशांच्या आसपास दोन्ही, 32-33 अंशांना बहुतांश नर, आणि 34 अंशांच्या पुढे पुन्हा माद्याच. या शेवटच्या माद्या मात्र स्वभावाने आक्रमक असतात. टेक्सास विद्यापीठातील डेव्हिड क्रूझ यांच्या प्रयोगशाळेने उबवणीच्या तापमानाचा वागणुकीवर होणारा परिणाम याच जातीत तपशिलाने अभ्यासला. कमी तापमानात पिल्लू बाहेर यायला दोन महिन्यांहून अधिक लागू शकतात, जास्त तापमानात पाच-सहा आठवडे पुरतात. अंगावर ठिपक्यांऐवजी काळे-पिवळे पट्टे असलेले पिल्लू लवकरच पहिली कात टाकते, ती बहुधा खाऊनही टाकते, आणि त्यानंतर किडे खाऊ लागते.

पिल्लांच्या कौतुकात मादीकडे दुर्लक्ष होते, आणि खरा धोका तिथेच आहे. कवचासाठी लागणारे कॅल्शियम आहारातून पुरले नाही, तर ते तिच्या हाडांतून काढले जाते. पाय वाकतात, जबडा मऊ पडतो. म्हणून रातकिडे, झुरळे वगैरे खाद्य कॅल्शियम आणि ड-3 जीवनसत्त्वाच्या भुकटीत घोळवून द्यावे लागते. अंडी पोटात अडकली, तर मादी सतत जोर लावते, निस्तेज होते. अशा वेळी तिला विनाविलंब पशुवैद्याकडे न्यावे. चरबी साठवणारे जाड शेपूट बारीक होऊ लागले, की खेपा बाकी असल्या तरी तिचा हंगाम आटोपता घ्यावा. त्यासाठी नराला दूर करणे पुरेसे नाही, कारण साठवलेल्या शुक्राणूंवर अंडी येतच राहतात, आणि काही माद्या नराशिवायही न फळणारी अंडी घालतात. अंडी येणे पूर्ण थांबेपर्यंत पोषक आहार, डबीतला ओलावा आणि दर आठवड्याला वजन करणे यात खंड पडू देऊ नये.