गाडीतला अनोळखी माणूस

ट्रेनमध्ये शेजारचा माणूस धर्माबद्दल बोलायला लागला, तर तुम्ही काय कराल? १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला निघालेले कवी नारायण वामन टिळक बोलत बसले. सोबतच्या गोऱ्या प्रवाशाने आधी कवितेच्या गप्पा मारल्या, मग ‘नवा करार’ हातात ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनीही अनोळखी लोकांपुढे ख्रिस्त मांडला, तो कीर्तन-अभंगांतून, म्हणजे लोकांच्या ओळखीच्या सुरात.

पण त्या गप्पांची किंमत प्रवाशाला दिसली नाही. लक्ष्मीबाईंनी काही वर्षं नवऱ्यापासून दूर काढली. १९०० साली बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या विचाराने. म्हणून उद्या कुणाला आपली श्रद्धा सांगाल, तेव्हा त्याच्या घरच्यांचाही विचार करा.