सोल्डर आणि सही: गेम कन्सोलच्या कुलपाचा इतिहास

सोनीचा प्लेस्टेशन हा गेम कन्सोल डिसेंबर १९९४ मध्ये जपानच्या बाजारात आला. त्याचे कुलूप डिस्कच्या घडणीतच बसवलेले होते. कारखान्यात डिस्क ठसवताना तिच्या आरंभीच्या खोबणीला एक सूक्ष्म हेलकावा दिला जाई आणि त्या हेलकाव्यात चार अक्षरे सांकेतिक रूपाने दडवलेली असत: जपानसाठी एससीईआय, अमेरिकेसाठी एससीईए, युरोपसाठी एससीईई. घरच्या संगणकावर प्रत काढणाऱ्याला डिस्कवरचा सगळा मजकूर उतरवता येई. हेलकावा मात्र उतरत नसे. आपल्या परिभाषेत सांगायचे तर संहिता हाती लागे, पण हस्तलिखिताचा कागद हाती लागत नसे. आणि यंत्र तपासत होते तो कागद.

यावर निघालेला उपाय म्हणजे मॉडचिप. आठ पायांचा, बाजारात सहज मिळणारा एक मायक्रोकंट्रोलर घ्यायचा, त्यात ती अक्षरे भरायची, यंत्राचे झाकण उघडून ठरावीक जागी काही तारा सोल्डर करायच्या. मग डिस्क कोणतीही असो, ही चिप यंत्राच्या कानात अपेक्षित अक्षरे सांगत राही. यंत्राच्या मूळ प्रोग्रॅममधला एक शब्दही बदललेला नसे. पुढे काही गेम उलटतपासणी करू लागले: जेथे अक्षरे ऐकू यायला नकोत तेथेही ती ऐकू आली, तर चिप आहे हे ओळखून गेम थांबे. मग चिपही शहाणी झाली. आरंभी एकदा बोलून गप्प बसू लागली. जुन्या पोथ्यांतले प्रक्षेप शोधणाऱ्यांना ही चाल अपरिचित वाटणार नाही. प्रक्षेप पुष्कळदा पकडला जातो तो जास्त बोलल्यामुळेच.

हा इतिहास स्वातंत्र्याची गाथा म्हणून सांगण्याची एक रीत आहे. ती मला पटत नाही. चिपांचा मोठा धंदा चोरीच्या डिस्कांच्या आधाराने चालला, हे मान्य करूनच पुढे जायला हवे. पण तेच कुलूप आणखी एक काम करत होते. जपानमध्ये रीतसर पैसे मोजून घेतलेली डिस्क युरोपातल्या यंत्रावर चालत नसे, कारण ती चार अक्षरे प्रदेशाचीही खूण होती. चोराला आणि परदेशाहून डिस्क आणणाऱ्या प्रामाणिक गिऱ्हाइकाला एकच दार बंद होते. ऑस्ट्रेलियात 'हाय कोर्ट' हेच सर्वोच्च न्यायालय; त्याने ऑक्टोबर २००५ मध्ये 'स्टीव्हन्स विरुद्ध सोनी' या खटल्यात चिप विकणाऱ्याच्या बाजूने एकमताने निकाल दिला. कायदा संरक्षण देतो ते हक्कभंग रोखणाऱ्या साधनाला. हे कुलूप प्रत काढण्यास अडवत नाही, काढलेली प्रत खेळू देत नाही एवढेच, असा त्या निकालाचा गाभा. २००६ मध्ये तेथील कायदाच बदलण्यात आला, तो भाग वेगळा. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५-अ हे कलम आले. त्यात कुलूप तोडण्याला शिक्षा आहे, पण हक्कभंगाचा हेतू असेल तर. हेतूचा प्रश्न शिल्लक ठेवणारा हा कायदा मला अधिक समंजस वाटतो.

मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्समध्ये (२००१) कुलपाचा मुख्य भाग यंत्राच्या पोटात गेला. प्रत्येक प्रोग्रॅमवरची सांकेतिक सही तपासूनच यंत्र तो चालवी आणि या तपासणीच्या साखळीचा पहिला दुवा, ५१२ बाइटचा एक गुप्त मजकूर, एका चिपमध्ये लपवलेला होता. एमआयटीत पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू 'बनी' हुआंग यांनी २००२ मध्ये दोन चिपांमधून वाहणारे संकेत स्वतः बनवलेल्या सर्किटने टिपून तो वाचला. त्यावरचे त्यांचे 'हॅकिंग द एक्सबॉक्स' हे पुस्तक ठरलेल्या प्रकाशकाने कायद्याच्या धास्तीने सोडून दिले आणि २००३ मध्ये लेखकाला ते स्वतःच काढावे लागले.

त्याच वर्षी दुसरा रस्ता सापडला. जेम्स बाँडच्या 'एजंट अंडर फायर' या गेममध्ये, जतन करून ठेवलेल्या खेळाची नोंद गेम फार भाबडेपणाने वाचत असे. नोंदीत अपेक्षेपेक्षा लांब मजकूर घातला, की तो आपली जागा ओलांडून शेजारच्या स्मृतीवर सांडे आणि यंत्र तो सांडलेला मजकूर आज्ञा म्हणून पाळू लागे. सोल्डर करायची गरजच उरली नाही.

निन्टेंडोच्या वी या यंत्रावर (२००६) ही दोन्ही साधने शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. २००७ पासूनच्या चिपा डिस्क वाचणाऱ्या भागावर बसत आणि प्रतीला अस्सल ठरवत. त्यापलीकडे मालकाला यंत्रात फारसा प्रवेश नव्हता. तो मिळाला २००८ मध्ये, एका घोडीच्या नावातून. 'ट्वायलाइट प्रिन्सेस' या गेममध्ये खेळाडू नायकाच्या घोडीचे नाव स्वतः ठेवू शकतो. जतन केलेल्या नोंदीत ते नाव भलतेच लांब करून ठेवले, की गेम ते वाचताना कोलमडे आणि खेळाडूचा स्वतःचा प्रोग्रॅम चालू होई. याच यंत्रातली दुसरी चूक तर भाषेच्या अभ्यासकाने टिपून ठेवावी अशी आहे. सही पडताळताना दोन आकड्यांची तुलना करायची होती. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ती शब्दांची तुलना करणाऱ्या सूत्राने केली. शून्य आले की शब्द संपला, असे ते सूत्र मानते. साहजिकच दोन्ही आकडे शून्याने सुरू झाले, की पुढचे काहीही न वाचता सही खरी ठरे. ही वाट शोधणाऱ्या गटाचा चोरीच्या गेमांना विरोध होता. चोरी करणाऱ्यांनी त्याच वाटेचा उपयोग केला, हेही खरे.

आतापर्यंत मी लिहिले ते मालकांच्या करामतींविषयी. पण फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच वस्तीला असलेला आणि पुन्हा लिहिता येणारा प्रोग्रॅम, विकणाऱ्यालाही पुन्हा लिहिता येतो. सोनीच्या पीएसपीवर (२००४) याची चुणूक दिसली होती: नवा गेम नवे फर्मवेअर मागे, नवे फर्मवेअर जुनी वाट बुजवी, मालकाने दोहोंतले एक निवडायचे. प्लेस्टेशन ३ (२००६) वर लिनक्स बसवण्याची सोय सोनीनेच दिली होती. अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञ गौरव खन्ना यांनी अशी यंत्रे एकमेकांना जोडून कृष्णविवरांची गणिते केली. जानेवारी २०१० मध्ये जॉर्ज हॉट्झ यांनी या यंत्राच्या संरक्षणाला खिंडार पाडल्याचे जाहीर केले आणि १ एप्रिल २०१० रोजी सोनीने फर्मवेअर ३.२१ काढून लिनक्सची सोयच नाहीशी केली. अद्ययावत न करण्याची मुभा होती. मग ऑनलाइन खेळ बंद. जाहिरात वाचून, दाम मोजून घरी आणलेल्या वस्तूतले एक प्रकरण विक्रेत्याने विक्रीनंतर फाडून नेले, असे याला म्हणायला हवे.

डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत फेलओव्हरफ्लो या गटाने दाखवून दिले, की प्रत्येक सहीसाठी नवा यादृच्छिक आकडा वापरणे अनिवार्य असताना सोनी दर वेळी एकच आकडा वापरत होती. दोन सह्या शेजारी ठेवल्या, की साध्या बीजगणिताने सही करण्याची गुप्त किल्लीच हाती येई.

सोल्डरचे युग संपून सहीचे आले, असा सरळ निष्कर्ष येथे काढता आला असता. पण पुढच्या घटना तो काढू देत नाहीत. निन्टेंडो स्विचमधली २०१८ साली उघड झालेली चूक चिपच्या कायम कोरलेल्या मजकुरात होती, त्यामुळे विकल्या गेलेल्या यंत्रांत ती कोणत्याही अद्ययावतीकरणाने बुजणार नव्हती. कंपनीने नव्या यंत्रांत चिपच सुधारली. आणि २०२० पासून त्या सुधारलेल्या यंत्रांसाठी पुन्हा सोल्डर करायच्या मॉडचिपा आल्या. त्या सुरुवातीच्या क्षणी विजेच्या दाबाला नेमका झटका देऊन तपासणी चुकवतात. मे २०२५ मध्ये निन्टेंडोने अमेरिकेतील ग्राहकांसाठीच्या करारात कलम घातले, की अटी मोडणाऱ्याचे यंत्र कंपनी अंशतः वा पूर्णतः कायमचे निकामी करू शकेल. त्यासाठी कोणाला झाकण उघडावे लागणार नाही.