गोडादऱ्यात पैशाच्या वसुलीचा दावा लागला तर: समन्स हाती आल्यावर काय करायचं?

गोडादरा, लिंबायत, डिंडोली, उधना या पट्ट्यात धुळे-नंदुरबार-जळगावकडची हजारो कुटुंबं राहतात. लग्न निघालं किंवा दवाखाना लागला की व्याजाने पैसे घेतले जातात आणि बदल्यात सही केलेला कोरा चेक दिला जातो. हप्ते चुकले की कागद येतो. तो गुजरातीत असतो, वाचता येत नाही, म्हणून कपाटावर पडून राहतो. निम्मे दावे इथेच हातचे जातात.

आधी कागद ओळखा. वकिलाची नोटीस वेगळी, कोर्टाचं समन्स वेगळं. वसुलीवाल्याने व्हॉट्सॲपवर टाकलेलं ‘अटक वॉरंट’ ही बहुतेक वेळा नुसती धमकी असते. समन्सवर कोर्टाचं नाव, केस नंबर, तारीख आणि शिक्का असतो. ई-कोर्ट्सच्या ॲपवर नंबर टाकून खात्री करता येते. समन्स नाकारून काही साधत नाही, ते बजावलंच असं धरलं जातं. खोली सोडून गावी गेलात तरी एकतर्फी निकाल होऊ शकतो, आणि तो हुकूमनामा वसुलीसाठी नंदुरबारच्या कोर्टाकडेही पाठवता येतो. असा निकाल लागलाच असेल तर तो रद्द करून घेण्यासाठी ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. समन्स नीट बजावलंच नसेल तर हे दिवस निकाल कळल्यापासून मोजतात.

साध्या दिवाणी दाव्यात लेखी कैफियत ३० दिवसांत द्यायची, कोर्टाने सवलत दिली तर ९० पर्यंत. पण समन्सवर ‘ऑर्डर ३७’ दिसलं तर जागे व्हा. तिथे हजेरी लावायलाच १० दिवस असतात, आणि बचाव करायला पुढे कोर्टाची परवानगी मागावी लागते.

सगळ्यात जास्त भीती चेक बाऊन्सची, म्हणजे कलम १३८ ची. चेक परत गेल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने नोटीस द्यायची, ती मिळाल्यावर तुम्हाला भरायला १५ दिवस, आणि नंतर एका महिन्यात त्याची फिर्याद. या तारखा वकिलाकडून तपासून घ्या. घेणेकऱ्याचं खातं सुरतच्या शाखेत असेल तर केस सुरतेतच चालते, तुम्ही शहाद्याला असलात तरी.

‘चेक कोरा दिला होता’ एवढंच म्हणून सुटका होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितलंय की स्वखुशीने सही करून दिलेला कोरा चेकही देण्यापोटीच होता असं गृहीत धरता येतं. ते खोडायचं तर पुरावा लागतो. इथे फेडलेल्या पैशांचा हिशेब कामाला येतो. गुजरातमधूनच वर गेलेल्या एका खटल्यात २०२२ मध्ये न्यायालयाने म्हटलं की चेक दिल्यावर काही रक्कम फेडली असेल आणि चेकवर तशी नोंद न करता तो पूर्ण रकमेसाठी वटवायला टाकला, तर १३८ चा गुन्हा बनत नाही. म्हणून हप्ते रोख देऊ नका, यूपीआयने द्या. रोखच द्यावे लागले तर वहीत सही घ्या.

हातउसन्या पैशांच्या दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते. मात्र मुदतीत ‘देणं मान्य’ असं लिहून दिलंत की ती पुन्हा नव्याने सुरू होते. वसुलीवाले गोड बोलून असा कागद लिहून घेतात, तेव्हा सही करण्याआधी थांबा.

देणारा सावकार परवानाधारक आहे का, हेही विचारा. गुजरातेत २०११ चा सावकारी कायदा आहे. व्याजाची कमाल मर्यादा तारणावर वर्षाला १२ टक्के, विनातारण १५. महिन्याला १० टक्के घेणारा कोणत्या हिशेबात बसतो ते तुम्हीच बघा. जानेवारी २०२३ पासून पोलिसांनी राज्यभर लोकदरबार भरवून अशा तक्रारी घेतल्या होत्या.

निकाल विरुद्ध गेला तरी सगळं जप्त होत नाही. कारागिराची हत्यारं आणि मजुराची मजुरी जप्तीतून वगळलेली आहे. पैसेच नाहीत म्हणून दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही. ऐपत असून टाळणाऱ्यासाठी ती तरतूद आहे.

वकिलाला पैसे नसतील तर अठवा लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन लावा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कारखान्यातले कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोड करणार असाल तर मसुदा ओळखीच्या गुजराती जाणणाऱ्याकडून पूर्ण वाचून घ्या, कारण त्यावर अपील नाही. उरलेले कोरे चेक परत द्यायचं त्यातच लिहून घ्या.