पाटण्याचा शेख झैनुद्दीन

अठराव्या शतकात युरोपात निसर्गविज्ञानाचे सचित्र ग्रंथ निघत होते, त्याच काळात कलकत्त्यात एक चित्रसंग्रह तयार झाला. तिथल्या सुप्रीम कोर्टाचे सरन्यायाधीश एलिजा इम्पे यांची पत्नी मेरी तेथे आली. तिने आवारात पशुपक्षी पाळले आणि त्यांची चित्रे काढायला पाटण्याचे तीन चितारी नेमले : शेख झैनुद्दीन, भवानीदास आणि रामदास.

हात मोगल परंपरेत तयार झालेले, कागद विलायती. पक्षी शक्यतो मूळ आकारात काढायचा. तीनशेहून अधिक चित्रे झाली. त्यांत निम्म्याहून जास्त पक्ष्यांची. १८१० साली लंडनमध्ये लिलाव होऊन संग्रह विखुरला.

इंग्रज पक्षितज्ज्ञ जॉन लेथम यांनी या चित्रांवरून काही पक्ष्यांची वर्णने लिहिली. हिमालयातल्या मोनाल पक्ष्याच्या शास्त्रीय नावात इम्पेबाई कायमच्या जाऊन बसल्या. चिताऱ्यांना तो मान मिळाला नाही.

तरीही चित्रावर झैनुद्दीनचे नाव आहे, फारसी लिपीत. आम्ही उर्दू शाळेतले शिक्षक जवळजवळ हीच अक्षरे रोज फळ्यावर लिहितो. पण आमच्या इतिहासाच्या तासाला बादशहा येतात, लढाया येतात. एकेक पीस डोळ्यांत तेल घालून रंगवणारा हा माणूस येत नाही. मग विज्ञान हे परक्यांचे, असे मुलांना वाटले तर दोष कुणाचा?

२०१९ साली लंडनच्या वॉलेस कलेक्शनने अशा चिताऱ्यांचे प्रदर्शन त्यांच्या नावानिशी भरवले. आम्हाला तर फक्त वर्गात तीन नावे सांगायची आहेत. एक शेख आणि दोन दास एकाच कामावर होते, हेही त्यात आपोआप सांगून होईल.