प्रिंटरमधून निघालेली अठराव्या शतकातली बासरी

बासरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोनच चित्रं येतात. एक कृष्णाच्या हातातला बांबू आणि दुसरी ऑर्केस्ट्रातली चांदीची, चाव्याच चाव्या असलेली फ्लूट. या दोन्हींच्या मधे आणखी एक बासरी होऊन गेली. लाकडाची, सहा भोकांची आणि फक्त एक चावी असलेली. तिला ट्रॅव्हर्सो म्हणतात, म्हणजे आडवी. बाखने आणि टेलेमानने जे काही आडव्या बासरीसाठी लिहिलं ते हिच्यासाठी. सध्या आमच्या उरणच्या घरात शनिवारी सकाळी जी वाजते ती हीच, फक्त लाकूड नाही, प्लॅस्टिक. थ्री-डी प्रिंटरमधून काढलेली.

आता "प्लॅस्टिकची बासरी" म्हटलं की लोक जत्रेतल्या पिपाणीकडे बघतात तसं बघतात. म्हणून आधी थोडा इतिहास.

सोळाव्या शतकापर्यंत युरोपातली आडवी बासरी आपल्या बांबूसारखीच होती, आतून सरळ नळी. सतराव्या शतकाच्या शेवटाला फ्रान्समधल्या कारागिरांनी (हॉटेटेर घराण्याचं नाव यात नेहमी घेतलं जातं) तिचे तीन तुकडे केले आणि आतली पोकळी निमुळती केली. तोंडाशी साधारण १९ मिलिमीटर, शेपटाकडे जाताना १३ च्या आसपास. सगळी जादू या उतारात आहे. खालचे आणि वरचे सप्तक एकमेकांशी जुळतात ते याच्यामुळे. १७०७ मध्ये जॅक हॉटेटेरने ही बासरी कशी वाजवायची याचं पुस्तक छापलं.

त्या पुस्तकातली एक गोष्ट वाचून मी उडालोच. सूर हलवायचा तर फुंकेने नाही, बोटाने हलवायचा. भोकाच्या कडेवर बोट हलकेच खालीवर करत राहायचं. आता हे कुठल्याही बांबूच्या बासरीवाल्याला सांगा, तो म्हणेल मग यात नवीन काय? आपल्याकडे आंदोलन असंच तर घेतात. मला वाटतं पुढे बासरीवर चाव्या चढत गेल्या तसं बोट आणि हवा यांच्यामधे लोखंड आलं आणि युरोपियन लोक हे विसरले. थिओबाल्ड बोम या म्युनिकच्या सोनाराने १८४७ साली धातूची, सरळ पोकळीची बासरी केली. ती जोरदार वाजते, सगळे सूर सारखे. पण प्रत्येक सुराचा वेगळा रंग असायचा, तो गेला.

गंमत म्हणजे या बासऱ्या तेव्हाही सामान्य माणसासाठी नव्हत्या. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक बासरीवेडा. त्याचा गुरू क्वांट्झ (१६९७–१७७३) याला वर्षाला दोन हजार थालर पगार, आणि शिवाय राजासाठी बनवलेल्या प्रत्येक बासरीमागे शंभर डुकाट वेगळे. (आजच्या भाषेत सॅलरी प्लस व्हेरिएबल. अप्रेझलची काळजी नाही.) हस्तिदंत किंवा बॉक्सवूड, वर चांदीची चावी. आजही नावाजलेल्या कारागिराकडून लाकडी प्रतिकृती घ्यायची तर लाखाच्या पुढे आणि वाट बघायची ती वेगळीच.

स्वस्त नकलेची कल्पना मात्र प्रिंटरच्या बरीच आधीची आहे. इंग्लंडमध्ये आर्नॉल्ड डॉलमेच नावाचा जुन्या वाद्यांचा वेडा होता. १९१९ मध्ये लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवर त्याच्या लहान मुलाच्या हातून एक पिशवी राहिली, आणि त्यात अठराव्या शतकातला ब्रेसन या कारागिराचा रेकॉर्डर, म्हणजे उभी बासरी होती. गेली! मग त्याने आपल्या मापांवरून नवा रेकॉर्डर बनवला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्याच घराण्याच्या कंपनीने बेकेलाइटचे रेकॉर्डर काढले आणि ते वाद्य शाळाशाळांत पोचलं. पुढे जपानच्या औलॉस कंपनीने लंडनच्या स्टेनसबी ज्युनिअरच्या नमुन्यावर प्लॅस्टिकची ट्रॅव्हर्सो काढली. साच्यात ओतलेली. पण साचा म्हणजे एकच मॉडेल, आणि साचा महाग.

प्रिंटरने नेमकं हेच बदललं. प्लॅस्टिकची तार वितळवून थरावर थर देण्याच्या पद्धतीचं मूळ पेटंट २००९ मध्ये संपलं. त्याआधीच २००५ मध्ये इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात एड्रियन बॉयर यांनी रेपरॅप हा खुला प्रकल्प सुरू केला होता. मग घरगुती प्रिंटर धडाधड स्वस्त झाले. आज एक किलो तारेचं रीळ हजार रुपयांच्या आसपास मिळतं आणि एका बासरीला पाव किलोसुद्धा लागत नाही. साच्याची भानगड नाही. फाइल बदलली की दुसऱ्या कारागिराची बासरी तयार.

"पण लाकडाचा आवाज?" हा प्रश्न हमखास येतो. १९७१ मध्ये जॉन कोल्टमन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने वेगवेगळ्या पदार्थांच्या, पण आतून एकसारख्या बासऱ्या पडद्याआडून ऐकवल्या. ऐकणाऱ्यांना फरक ओळखता आला नाही. बासरीत कंप पावते ती हवा, भिंत नाही. फरक पडतो तो आतल्या मापाने आणि फुंकेच्या भोकाच्या कडेने. प्रिंटरचा थर ०.१ ते ०.२ मिलिमीटरचा, त्यामुळे आत बारीक पायऱ्या राहतात. त्या पॉलिश पेपरने घासायच्या, कड जपून साफ करायची, सांध्यांना दोरा गुंडाळायचा. आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवायची नाही, नेहमीचं पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं.

आता आपल्या कामाची गोष्ट. बहुतेक प्रतिकृती ४१५ हर्ट्झच्या 'ए'ला लावलेल्या असतात, म्हणजे आजच्या ४४०पेक्षा अर्धा सूर खाली. सहाही भोकं बंद केली की निघतो तो सूर आपली काळी एक! आणि आपल्या पद्धतीने वरची तीन बंद करून सा धरला तर काळी तीन. तंबोऱ्याचं ॲप लावा आणि बसा. यमन वाजतो. शुद्ध मध्यमाला मात्र बोटं उलटसुलट टाकावी लागतात आणि तो जरा घुसमटलेला निघतो, पण मला तो आवडतो.

मोरा धक्क्यावरून समोर घारापुरी दिसतं. हा करंजाचा टापू पोर्तुगीजांकडे होता, वसई मोहिमेच्या काळात (१७३७–३९) मराठ्यांकडे आला आणि १७८२च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांकडे कायम झाला. म्हणजे क्वांट्झ बर्लिनमध्ये राजाला शिकवत होता तेव्हा इथे मराठ्यांचं राज्य होतं. युरोपचं संगीत मनापासून घरात घेणारा मराठी राजा मात्र पार दक्षिणेत, तंजावरचे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८–१८३२). त्यांच्या दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता, नोटेशनचे कागद होते. त्या काळात तंजावरात व्हायोलिन आपलंसं झालं, मांडी घालून वाजू लागलं. युरोपची बासरी मात्र कर्नाटक संगीतात बांबूची जागा घेऊ शकली नाही. माझ्या मते कारण सरळ आहे. गमक घ्यायला बोट थेट भोकावर लागतं, आणि बांबू फुकट होता.

स्वस्त वाद्यावर लोक प्रयोग करतात, हेही खरं. पन्नालाल घोष (१९११–१९६०) १९४० मध्ये मुंबईत आले. त्यांनी वेगवेगळ्या पदार्थांच्या नळ्या करून बघितल्या असं सांगतात, आणि शेवटी ३२ इंची बांबूवर थांबले. त्याआधी बासरी ख्यालासाठी कुणी धरतच नव्हतं.

माझ्या मनात सध्या दुसरंच घोळतंय. युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयांनी जुन्या वाद्यांची मापं काढून ठेवली. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये डेटन मिलर या भौतिकशास्त्रज्ञाच्या सुमारे १७०० बासऱ्या आहेत, त्यात फ्रेडरिक राजाची क्वांट्झने केलेलीही आहे. २०१३च्या सुमारास अमेरिकेत कनेक्टिकट विद्यापीठात जुन्या सॅक्सोफोनच्या तोंड्यांचं सीटी स्कॅन करून प्रती छापल्या. काचेआडचं जुनं वाद्य फुंकलं तर ओलाव्याने तडकतं, प्रत कितीही फुंका. आपल्या पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचा सुंदर संग्रह आहे. पुढच्या वेळी गेलात तर सुषिर वाद्यांपाशी पाच मिनिटं जास्त थांबा आणि विचार करा, यातलं कुठलं वाद्य आधी स्कॅन करायला हवं. मला तरी सनईपासून सुरुवात करावीशी वाटते.